पार्किन्सन्स आणि व्यायाम: ‘आराम करा’ ते ‘घाम गाळा’, दोनशे वर्षांची गोष्ट



गेल्या महिन्यात एक काकू काकांना घेऊन दवाखान्यात आल्या. काकांना पार्किन्सन्सचं निदान होऊन तीन वर्षं झाली आहेत. गोळ्या वेळेवर चालू आहेत. काकूंचा प्रश्न एकच होता. "डॉक्टर, हे रोज सकाळी फिरायला जायचं म्हणतात. मी जाऊ देत नाही. पडले, हाड मोडलं तर काय करायचं? त्यापेक्षा घरात बसलेले बरे नाहीत का?"

काकूंची भीती खोटी नाही. या आजारात तोल जातो, माणूस पडतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं ही साधी गोष्ट नसते. शिवाय काकू जे म्हणत होत्या, तेच कित्येक वर्षं आम्ही डॉक्टर लोकही सांगत होतो. मीसुद्धा सांगितलं आहे.

मी प्रॅक्टिस सुरू केली त्या सुरुवातीच्या दिवसांत एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे यायचे. उजवा हात थरथरायचा, चाल मंदावली होती. मी गोळ्या लिहून दिल्या आणि आदरानं म्हणालो, "सर, आयुष्यभर खूप दगदग केलीत. आता आराम करा." सर शिस्तीचे होते, त्यांनी सल्ला तंतोतंत पाळला. संध्याकाळी वाचनालयापर्यंत चालत जायचं बंद केलं, बागेतलं काम बंद केलं. दोन वर्षांत त्यांना खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागायला लागला. त्यातलं आजारानं किती झालं आणि माझ्या सल्ल्यानं किती, हे मला आज सांगता येणार नाही.

म्हणून आजच्या लेखात व्यायामाचे प्रकार सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. ‘आराम करा’ हा सल्ला कुठून आला आणि तो का बदलला, हे समजलं की काय करायचं आणि काय टाळायचं हेही आपोआप समजतं.

आधी आजार थोडक्यात

आपल्या मेंदूच्या खालच्या भागात ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा एक लहानसा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणं, तिचा वेग आणि आवाका ठरवणं, चालण्यासारख्या सवयीच्या हालचाली विचार न करता चालू ठेवणं, या सगळ्यासाठी हे डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू कमी होत जातात. मग हालचाली मंद आणि लहान होतात, स्नायू ताठर होतात, हात थरथरतो, पुढे तोल बिघडतो. मराठीत याला कंपवात म्हणतात. पण कंप हा आजाराचा एक भाग झाला, सगळा आजार नव्हे. काही पेशंटना कंप नसतोही.

लंडन, १८१७: रस्त्यावर पाहिलेले पेशंट

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. म्हणूनच जागतिक पार्किन्सन्स दिवस ११ एप्रिलला असतो. ते कुणी मोठ्या हॉस्पिटलचे प्राध्यापक नव्हते. लंडनमधल्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणारे, औषधं देणारे, छोट्यामोठ्या शस्त्रक्रिया करणारे, आजच्या भाषेत फॅमिली डॉक्टरच होते.

१८१७ साली त्यांनी या आजारावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फक्त सहा पेशंटचं वर्णन आहे. त्यातले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले. चालण्याची ढब वेगळी वाटली म्हणून त्यांनी थांबवून चौकशी केली. तपासणीची यंत्रं नसताना एका डॉक्टरनं नुसत्या डोळ्यांनी, लोकांच्या चालण्याकडे बघून, एक आजार वेगळा काढला. (मी विद्यार्थ्यांना आजही सांगतो की पेशंट खुर्चीत बसण्याआधी दारातून कसा चालत आला ते बघा.)

त्यातल्या पाचव्या पेशंटला तर पार्किन्सन यांनी फक्त लांबून पाहिलं होतं. या गृहस्थांना सावकाश चालताच येत नसे. निघाले की ते धावतच सुटत. त्यांचा मदतनीस समोर उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. मग ते गृहस्थ हळूहळू पुढे-मागे झुलून तोल साधत. तोल सापडला की स्वतःच इशारा देत आणि धावत निघत. मदतनीस चटकन समोरून सरकून पुढे पळे आणि वीसेक पावलांनंतर ते पडायच्या आत त्यांना सावरे.

हे वर्णन पुन्हा एकदा वाचा. पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले की आधी थांबायचं, शरीराचं वजन हळूच एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचं आणि मग मनाशी इशारा देऊन पाऊल टाकायचं, हे आज फिजिओथेरपिस्ट मुद्दाम शिकवतात. त्या गृहस्थांनी आणि त्यांच्या मदतनिसानं ही युक्ती २०० वर्षांपूर्वी स्वतःच शोधली होती. पार्किन्सन यांनी ती लिहून ठेवली, पण तिच्यात उपचार दडलेला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी सुचवलेला उपचार त्या काळाला धरून होता: मानेजवळून रक्त काढणं आणि तिथे फोड आणणारी औषधं लावणं.

या गोष्टीत पुढेही असंच होताना दिसेल. पेशंटला काहीतरी सापडतं, डॉक्टर ते पाहतात, आणि त्याचा अर्थ कळायला खूप वर्षं जातात.

पॅरिस: हलणारी खुर्ची

आजाराला ‘पार्किन्सन्स’ हे नाव दिलं ते पॅरिसच्या सालपेत्रिएर हॉस्पिटलच्या जाँ-मार्तँ शार्को यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मज्जासंस्थेच्या आजारांतला त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. या आजारात स्नायूंमध्ये ताकद असूनही हालचाल मंद होते, म्हणजे हा अर्धांगवायूसारखा लुळेपणा नव्हे, ही महत्त्वाची गोष्ट त्यांनी नीट मांडली.

त्यांचे काही पेशंट सांगत की आगगाडीतून किंवा घोडागाडीतून लांबचा प्रवास केला की त्यानंतर बरं वाटतं, अंग मोकळं होतं. शार्कोंनी ते हसण्यावारी नेलं नाही. गाडीसारखी हादरे देणारी एक खुर्चीच त्यांनी तयार करवून घेतली आणि पेशंटना तिच्यात बसवायला सुरुवात केली. पेशंट म्हणत, बरं वाटतं, झोप चांगली लागते. १८९२ मध्ये त्यांनी यावर व्याख्यान दिलं. दुसऱ्या वर्षी त्यांचं निधन झालं आणि खुर्ची मागे पडली.

सुमारे १२० वर्षांनी, २०१२ मध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तशीच खुर्ची बनवून नीट चाचणी घेतली. काही पेशंटना हादरे देणाऱ्या खुर्चीत बसवलं, काहींना हादरे न देणाऱ्या. दोन्ही गटांना सारखाच फायदा झाला! म्हणजे बरं वाटण्याचं कारण हादरे नव्हते. शांत बसणं, कुणीतरी आपुलकीनं लक्ष देणं आणि आशा, यांचा तो परिणाम असावा.

हे मुद्दाम सांगतो, कारण आजही कंपन देणारी यंत्रं, मालिश करणाऱ्या खुर्च्या, ‘बसल्या जागी व्यायाम’ अशा जाहिराती घरोघरी पोचतात. यंत्रानं आपल्याला हलवणं वेगळं आणि आपण स्वतः हलणं वेगळं. हा फरक कळायला अजून बराच काळ जायचा होता.

‘आराम करा’ कुठून आलं?

शार्कोंच्याच काळात लंडनमध्ये विल्यम गॉवर्स हे मोठे न्यूरॉलॉजिस्ट होते. १८८६ ते १८८८ च्या दरम्यान आलेला त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ अनेक वर्षं डॉक्टरांचा आधार होता. त्यात या पेशंटसाठी सल्ला होता तो शांत, नियमित आयुष्याचा. श्रम नकोत, काळजी नको.

त्या काळी हे शहाणपणाचंच वाटलं असणार. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये महिनोन्‌महिने झोपवून ठेवत. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक आठवडे पलंगावरून उठू देत नसत. आजारी माणसाची ताकद शिल्लक ठेवायची, ती खर्च होऊ द्यायची नाही, असा विचार होता. पार्किन्सन्सचा पेशंट तर चटकन थकतो, चिंता वाढली की त्याचा कंप वाढतो. म्हणून विश्रांती.

या विचारात एक गोम होती. शरीर बँकेतल्या ठेवीसारखं नसतं, की खर्च केलं नाही तर शिल्लक राहील. न वापरलेले स्नायू झडतात, सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात, दम कमी पडतो, तोल सांभाळायची सवय जाते. मग माणूस पडतो, पडल्यावर घाबरतो, घाबरून आणखी कमी हलतो. आजार एका बाजूनं खेचतो आणि आराम दुसऱ्या बाजूनं.

१९६७: एक गोळी आणि जमिनीवरच्या रेघा

विसाव्या शतकात आजाराचं मूळ सापडत गेलं. १९१९ मध्ये पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ यांनी सबस्टॅन्शिया नायग्राकडे बोट दाखवलं. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी औषधानं निपचित केलेल्या सशांना लेव्होडोपा देऊन पुन्हा हलतं केलं. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचं दाखवलं. आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कजवळ जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाचे मोठे डोस देऊन जखडलेल्या पेशंटना चालतं केलं. आज आपण घेतो ती गोळी याच वाटेनं आली. मी दररोज ती लिहून देतो, आणि तिच्याइतकं गुणकारी औषध या आजारात आजही दुसरं नाही.

त्याच १९६७ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं. लेखक होते जेम्स पर्डन मार्टिन. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या मेंदूज्वराच्या एका विचित्र साथीनंतर कित्येकांना पार्किन्सन्ससारखा आजार जडला होता. त्यातले बरेच जण लंडनच्या हायलँड्स हॉस्पिटलमध्ये वर्षानुवर्षं राहत होते. मार्टिन त्यांच्या चालण्याचा अभ्यास करत. त्यांना दिसलं की सपाट, मोकळ्या जमिनीवर ज्याचं पाऊल उचलत नाही, त्याच्या पुढे जमिनीवर आडव्या, ठळक रंगाच्या रेघा पाऊलभर अंतरावर आखल्या की तो त्या ओलांडत चालू लागतो! मात्र रेघा आडव्याच हव्यात. चालण्याच्या दिशेनं आखलेल्या उभ्या रेघांचा उपयोग नाही.

हे कसं होतं? आपण रोज चालतो ते विचार न करता. तो ‘आपोआप’ मार्ग पार्किन्सन्समध्ये बिघडतो. पण डोळ्यांनी खूण पाहून, लक्ष देऊन, मुद्दाम पाऊल टाकण्याचा मेंदूतला मार्ग वेगळा आहे आणि तो बराच शाबूत असतो. रेघ त्या दुसऱ्या मार्गाला जागं करते. टाळीच्या किंवा तालाच्या ठोक्यावर चालणं, मोठ्यानं ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणणं, यानंही हेच होतं.

याचा एक धागा आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. मिलेहा सोनेजी ही पुण्याची डिझायनर. तिच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट जमिनीवर ते अडखळत, पण जिना मात्र सरळ चढत-उतरत. हे पाहून तिनं सपाट जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचा भास होईल असं चित्र तयार केलं आणि काका त्यावरून चालू लागले. २०१५ च्या टेड व्याख्यानात तिनं ही गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांपूर्वीच्या रेघा आणि हा रंगवलेला जिना, तत्त्व एकच.

पण मार्टिन यांच्या रेघांकडे तेव्हा फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गोळीचा चमत्कारच इतका मोठा होता की व्यायाम, चालण्याचा सराव हे सगळं किरकोळ वाटू लागलं. काही वर्षांतच गोळीच्या मर्यादा दिसल्या: परिणाम मध्येच ओसरणं, अंग नको तसं वेडंवाकडं हलणं. शिवाय तोल जाण्यावर गोळीचा परिणाम तुलनेनं कमीच होतो.

कोर्स संपला, फायदाही संपला

१९८१ मध्ये ब्रिटनमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. काही पेशंटना फिजिओथेरपी देऊन बघितलं, फायदा दिसला नाही. पेशंट थोडेच होते, पण निष्कर्ष गाजला. मी शिकत होतो तेव्हा आमच्या पुस्तकांत पार्किन्सन्सच्या औषधांवर पानंच्या पानं होती आणि व्यायामावर एखाद-दुसरी ओळ.

१९९४ मध्ये शिकागोहून एक छोटा पण मोलाचा अभ्यास आला. १६ पेशंट, आठवड्यातून तीनदा, चार आठवडे व्यायाम. हालचाली सुधारल्या. नंतर सहा महिन्यांनी पाहिलं तर सगळे पुन्हा पहिल्या जागी! कारण घरी गेल्यावर व्यायाम चालू राहिला नव्हता.

कुणी म्हणेल, म्हणजे फायदा टिकत नाही. मला त्यातून वेगळं दिसतं. बीपीची गोळी महिनाभर घेऊन बंद केली आणि बीपी पुन्हा वाढलं, तर गोळी निकामी असं आपण म्हणत नाही. ती रोज घ्यायची असते असं म्हणतो. पार्किन्सन्समधला व्यायाम हा दहा दिवसांचा कोर्स नव्हे. तो रोजच्या डोससारखा आहे.

उंदीर आणि सायकल

२००१ मध्ये संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला. मेंदूच्या एका बाजूला डोपामिनच्या पेशी मारणारं रसायन दिलं, म्हणजे एका बाजूचा पुढचा पाय अधू व्हावा. मग काही उंदरांच्या चांगल्या पायाला आठवडाभर प्लास्टर घातलं. आता त्यांना अधू पायच वापरणं भाग होतं. या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन बरंच वाचलं आणि पायही चांगला चालला. प्लास्टर उशिरा घातलं तर हा फायदा मिळाला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी उलटं केलं, अधू पायालाच प्लास्टर घालून त्याला ‘आराम’ दिला. नुकसान वाढलं.

हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमचे सर आठवले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसाच्या मेंदूतल्या पेशी व्यायामानं वाचतात हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण लवकर सुरू करा आणि अधू बाजूला लपवू नका, वापरा, ही दिशा तिथून मिळाली.

२००३ मध्ये जे अल्बर्ट्स हे मेंदूविज्ञानाचे संशोधक अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून जाणाऱ्या आठवडाभराच्या सायकल सफरीला गेले. दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर त्यांच्या मागे पार्किन्सन्स असलेल्या एक बाई होत्या. अल्बर्ट्स जोरात पॅडल मारत, त्यामुळे बाईंनाही स्वतःच्या नेहमीच्या वेगापेक्षा जलद पॅडल मारावं लागे. काही दिवसांत बाईंचं हस्ताक्षर सुधारलेलं दिसलं. या आजारात अक्षर बारीक होत जातं, ते मोठं आणि स्पष्ट झालं. व्यायाम पायांचा आणि सुधारणा हातात! म्हणजे फायदा नुसत्या स्नायूंना नव्हता, मेंदूपर्यंत पोचला होता. २००९ मध्ये त्यांच्या गटानं १० पेशंटवर आठ आठवडे प्रयोग केला. जास्त वेगानं पॅडल मारावं लागलेल्या गटाच्या हालचालींची मोजणी सुमारे ३५ टक्क्यांनी सुधारली.

२०१० मध्ये नेदरलँड्सचे न्यूरॉलॉजिस्ट बास ब्लूम यांनी एका पेशंटचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. वय ५८, आजार दहा वर्षांचा. चालताना दोन पावलांत पाय चिकटत आणि ते पडत. पण सायकलवर बसवलं की सफाईनं चालवत, वळणंही घेत. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं होतं की मी रोज सायकल चालवतो. पुन्हा तेच, आधी पेशंटनं सांगितलं आणि मग डॉक्टर शिकले.

नाच, ठोसे, ताई-ची आणि ट्रेडमिल

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी नाचाचा वर्ग सुरू केला. २००६ मध्ये इंडियानापोलिसमध्ये एका माजी सरकारी वकिलांनी स्वतःला आजार झाल्यावर बॉक्सिंगचा वर्ग काढला. त्यात समोरच्याला मारायचं नसतं, बॅगेवर ठोसे मारायचे असतात. पुण्यातही हृषीकेश पवार यांनी पेशंटसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत. ताल, मोठ्या हालचाली, लक्ष देऊन केलेली पावलं आणि सोबत, चारही गोष्टी नाचात एकत्र येतात.

मग मोठ्या चाचण्या आल्या. तीनच सांगतो.

- २०१२, ताई-ची. अमेरिकेत १९५ पेशंट, आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. ताई-ची करणाऱ्यांचा तोल सर्वांत चांगला सुधारला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी पडले.
- २०१८, ट्रेडमिल. औषध अजून सुरू न झालेले १२८ पेशंट, आठवड्यातून चार दिवस, सहा महिने. नेहमीसारखं राहिलेल्या गटाचा त्रास मोजणीत ३ गुणांनी वाढला. मध्यम वेगानं चालणाऱ्यांचा २ गुणांनी. हृदयाची गती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्यांचा मात्र जवळजवळ वाढलाच नाही.
- २०१९, घरची सायकल. नेदरलँड्समध्ये १३० पेशंट, घरातच एका जागी राहणारी सायकल, आठवड्यातून तीनदा ३० ते ४५ मिनिटं, सहा महिने. स्ट्रेचिंग करणाऱ्यांच्या तुलनेत ४ गुणांचा फायदा.

यावरून आजार बरा होतो किंवा थांबतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सहा महिन्यांच्या अभ्यासातून पुढच्या वीस वर्षांचं सांगता येत नाही. पण हालचाल, तोल, दम, झोप आणि मन, यांना फायदा होतो याबद्दल आता फारसा वाद नाही.

मग तुम्ही काय करायचं?

काकूंना मी जे कागदावर लिहून दिलं, तेच इथे देतो.

किती आणि काय

- दम वाढवणारा व्यायाम (जलद चालणं, जागच्या जागी सायकल): आठवड्यातून किमान ३ दिवस, ३० मिनिटं. बोलता येईल पण गाता येणार नाही इतका दम लागावा. सुरुवात १० मिनिटांनी करा.
- ताकदीचा व्यायाम: आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हाही उत्तम प्रकार आहे.
- तोलाचा सराव: २ ते ३ दिवस, जमल्यास रोज थोडा. ओट्याला किंवा भिंतीला धरता येईल अशा जागी, शेजारी कुणीतरी असताना.
- अंग ताणणं: रोज चाललं तरी हरकत नाही, पण फक्त तेवढंच पुरेसं नाही.
- प्रत्येक हालचाल ठरवून मोठी करा. मोठं पाऊल, हात मोठे हलवत. आजार हालचाल लहान करतो, आपण ती मोठी करायची.

सुरक्षितपणे कसं

- गोळीचा परिणाम चांगला असतो त्या वेळेत व्यायाम करा. बऱ्याच जणांना गोळीनंतर पाऊण ते एक तासानं अंग मोकळं वाटतं.
- हृदयविकार, मधुमेह किंवा बीपी असेल तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडी वाढत नाही, अशा वेळी घड्याळातल्या आकड्यापेक्षा दम किती लागतो ते बघा.
- या आजारात उभं राहिल्यावर बीपी घसरू शकतं. पलंगावरून उठताना आधी दोन मिनिटं बसा, मग उठा. उठल्यावर चक्कर येत असेल तर आम्हाला सांगा.
- पाय चिकटले तर ओढाताण करू नका, आणि घरच्यांनीही हात धरून पुढे खेचू नका. थांबा, ताठ उभे राहा, वजन डावीकडे-उजवीकडे हलवा, मग मोठं पाऊल टाका. ज्या दारात पाय नेहमी अडतात तिथे फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या लावा.
- वळताना एका पायावर गर्रकन फिरू नका, मोठा वळसा घ्या.
- चालताना फोनवर बोलू नका, हातात चहाचा कप नको. या आजारात एका वेळी एकच काम.
- मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. सरकणारी पायपुसणी उचला, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा.
- तोल जात असेल तर रस्त्यावर सायकल नको, घरातली स्थिर सायकल वापरा. पोहायला एकटे जाऊ नका. एका पायावर उभं राहण्याची आसनं आधाराशिवाय नकोत.
- छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अचानक वाढलेला दम, यांपैकी काहीही झालं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.
- वारंवार पडत असाल तर स्वतःहून व्यायाम ठरवू नका. फिजिओथेरपिस्टकडून चाल तपासून घ्या आणि त्यांच्या देखरेखीखाली करा. पडण्याच्या भीतीनं व्यायाम बंद मात्र करू नका.

काकूंना मी एवढंच म्हणालो, "काकांना अडवू नका, त्यांच्याबरोबर तुम्हीही जा." सध्या दोघं सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासानं सोसायटीच्या आवारात चालतात. काकू मोठ्यानं एक-दोन म्हणतात. पहिल्या आठवड्यात शेजारी बघायचे, आता कुणी बघत नाही, असं काकूच सांगत होत्या. काका अजून पडलेले नाहीत, कधीच पडणार नाहीत असं मी म्हणणार नाही. पुढच्या भेटीत खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजायचं ठरलं आहे.

तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल तर त्यांना एक प्रश्न विचारा: कोणत्या वेळी, काय करताना अंग मोकळं वाटतं? उत्तर लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवा.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधं किंवा व्यायाम यांत बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)